बोर्डिंग हेच का?

एखाद्याला तंबाखू लागते, एखाद्याला राजकारण. आमच्या सरांना एक शब्द लागला होता. शब्द इंग्रजी होता आणि सर गेवराईचे, त्यामुळं त्या शब्दाला बोलून दाखवायला जागा कमी मिळायची. ती कसर ते माझ्यावर काढत.

सर म्हणजे बोर्डिंगचे सर. त्यांना नाव-आडनाव होतं, पण पोस्टमनसुद्धा ते वापरत नसे. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि त्याच संस्थेच्या बोर्डिंगचे सुपरिटेंडंट म्हणून जुन्या रस्त्यावरच्या इमारतीत राहायला गेले. बोर्डिंग म्हणजे खेड्यातल्या पोरांचं वसतिगृह. वसतिगृह हा शब्द आमच्याकडं फक्त सरकारी पत्रात सापडतो. बाकी आजोबा बोर्डिंगात शिकले, बाप बोर्डिंगातून पळून आला, नातू बोर्डिंगात टाकलाय, असंच सगळं चालतं. गेवराईत कुणालाही बोर्डिंग विचारलं, तर तो हात करून ही इमारत दाखवणार.

मी तिथल्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला लागलो तेव्हा गावात खोली मिळेना. एकटा पुरुष म्हटलं की घरमालकांना आपल्या सगळ्या पोरीबाळी एकदम आठवत. शेवटी सरांनी बोर्डिंगच्या माडीवरची खोली दिली. अट एकच घातली, की संध्याकाळचं जेवण खाली पोरांसोबत फळीवर बसून करायचं.

"मी खानावळ लावलीय सर," मी म्हणालो.

"मंग खानावळीतच ऱ्हावा. बोर्डिंगात झोपायचं अन् खानावळीत खायचं, हे शब्दाला धरून न्हाई."

तेव्हा मला वाटलं, म्हातारा तिरसट आहे. पुढं कळलं की म्हातारा अभ्यासू तिरसट आहे, आणि त्या जातीवर इलाज नसतो.

ती फळी बघण्यासारखी होती. स्वयंपाकघराला लागून एक लांब पडवी, आणि तिच्यात विटांच्या खांबांवर ट्रकचे जुने लाकडी फाळके टाकलेले. ट्रकच्या हौद्याला बाजूनं आणि मागं ज्या फळ्या असतात, त्या. एका भंगारवाल्याकडून सरांनी त्या उचलून आणल्या होत्या. रंग खरवडायचे राहून गेले होते, त्यामुळं मागच्या फाळक्यावर 'कृपया अंतर ठेवा' हे अजून ठळक वाचता येत असे आणि पोरं बरोबर त्यावर मांडी घालून, ताटं पुढ्यात ठेवून एकमेकांच्या ताटात हात घालत. मी पहिल्या दिवशी 'कृपया'वर बसलो. पुढं ती जागा माझीच झाली.

त्याच फळीवर सरांनी मला तो शब्द पहिल्यांदा फोडून सांगितला. मूळ शब्द बोर्ड. बोर्ड म्हणजे फळी, बस्स. जुन्या इंग्रजांकडं टेबल म्हणून वेगळं काही नव्हतं, फळी टाकायची आणि तिच्यावर जेवायचं. म्हणून फळीलाच जेवण म्हणायला लागले आणि जिथं जेवणासकट राहता येतं ते झालं बोर्डिंग. तिकडं मोठी माणसं फळीभोवती बसून ठराव करायला लागली, त्या मंडळींनाही बोर्डच म्हणायला लागले.

"म्हणून दहावीचा बोर्ड, म्हणून लाइटीचा बोर्ड," सर भाकरी मोडत म्हणाले. "आपल्या घरातली लाइट बोर्डानं नेली म्हणजे काय, तर फळीभोवती बसलेल्या माणसांनी नेली."

"आणि गाडीत चढायला बोर्ड म्हणतात ते?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. सरांनी भाकरी खाली ठेवली.

जहाजाची बाजू फळ्यांची असते. त्या बाजूलाही बोर्ड म्हणायचे. ती बाजू ओलांडून आत गेला की माणूस बोर्डवर आला. जहाजावरून शब्द रेल्वेत गेला, रेल्वेतून बसमध्ये, तिथून विमानात. पण सरांना खरा आनंद होता तो पुढच्या भागाचा. या क्रियापदाचा सुरुवातीचा अर्थ शांतपणे चढणं असा नव्हताच. शत्रूच्या जहाजाला आपलं जहाज भिडवायचं आणि हत्यारं घेऊन बाजूवरून आत घुसायचं, याला म्हणायचे बोर्ड करणं.

"म्हणजे हल्ला," सर म्हणाले. "इंग्रज आता रांगेत उभं राहून चढतो. तो मूळ अर्थ विसरला. आपुन न्हाई विसरलो. आपल्या स्टँडवर जाऊन बघा. एसटी थांबायच्या आत खिडकीतून टावेल पडतो, पिशवी पडती, मंग नातू पडतो. ड्रायव्हरच्या दारातून दोघं घुसत्यात. कंडक्टर ओरडत ऱ्हातो. सगळ्या जगात बोर्डिंग हा शब्द मूळ अर्थानं वापरणारे आपुनच उरलोत."

पोरं खदखदून हसली. त्यांनी हे आधी अनेकदा ऐकलेलं होतं, तरी हसली. मला मात्र मराठीचा माणूस म्हणून गप्प बसवेना. मी म्हटलं, मराठीत यासाठी शब्द कमी आहेत का, आम्ही गाडी धरतो, गाडी गाठतो, गाडी पकडतो.

"धरता, गाठता, पकडता," सर म्हणाले. "म्हणजे गाडी चोर हाय. अन् चढल्यावर काय म्हणता? गाडीत बसलो. गेवराईपासून पुण्यापर्यंत एका पायावर उभा राहून आलेला माणूस बी म्हणतो, मी गेवराईत गाडीत बसलो. तुमची मराठी खोटं बोलती, लेक्चरर."

मी 'कृपया'वर बसून मुकाट्यानं आमटी ओरपली.

हे सगळं फळीवर चालत होतं तोवर कुणाचं बिघडत नव्हतं. मग खाजगी ट्रॅव्हल्सची तिकिटं मोबाइलवर निघायला लागली आणि सरांचा शब्द बाहेर पडून आपल्या पायानं फाटकाशी यायला लागला. झालं होतं असं, की ट्रॅव्हल्सच्या गाड्या गावात येत नाहीत. त्या बायपासला पुलाखाली दोन मिनिटं थांबतात आणि जातात. पण पुण्यात बसलेला पोरगा गावाकडच्या आईबापाचं तिकीट काढतो आणि त्या तिकिटावर छापून येतं, 'बोर्डिंग पॉइंट: गेवराई'. आईबाप स्टँडवर उतरून विचारतात, बोर्डिंग कुठंय? आणि सांगणारा अगदी खात्रीनं त्यांना आमच्याकडं पाठवतो. त्याची चूक काहीच नसते.

पहिली आली ती शिरूर कासारकडची एक बाई. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघालेली. एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तो तिनं डब्यापेक्षा जपून धरलेला. दिवस मावळतीला आला होता. सर ओट्यावर पोरांच्या इंग्रजीच्या वह्या तपासत होते.

"बोर्डिंग हेच का?"

"हेच."

"पुण्याची गाडी हितंच येती का दादा?"

सरांनी मोबाइल घेतला, हात लांब करून वाचला, आणि त्यांच्या तोंडावर असं तेज आलं, की मी कपाळाला हात लावला. "ताई, बसा," ते म्हणाले. आणि त्यांनी जहाजापासून सुरुवात केली.

बाई भली होती. तिनं फळीपर्यंत ऐकलं, जेवणापर्यंत ऐकलं. हल्ला आला तेव्हा तिनं डबा मांडीवर घेतला. शेवटी आतून आमच्या स्वयंपाकाच्या मावशी पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या.

"सर, तिची लेक तिकडं बाळंत होईल, पर तुमचा शब्द काय बाळंत व्हायचा न्हाई. सोडा तिला."

मी बाईला मोटरसायकलवर घालून बायपासला नेलं. गाडी हलायला लागली होती. मी आडवा उभा राहिलो तेव्हा थांबली. त्यानंतर असे लोक येतच राहिले, आणि त्यांना पुलाखाली पोचवणं हे माझं काम होऊन बसलं. गावात बोलवा झाली, की बोर्डिंगच्या सरांमुळं लोकांच्या गाड्या चुकायच्या वाचतात. खरं तर जागा चुकल्यामुळं कुणाची गाडी कधीच चुकली नसती. वेळ जायचा तो सगळा व्युत्पत्तीत.

सरांनी मग ट्रॅव्हल्सच्या एजंटला गाठलं. बायपासला पुलाखाली त्याची टपरी होती. एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला तिकिटं. सर म्हणाले, एकतर शब्द बदल, नाहीतर गाडी बोर्डिंगवर आण.

"सर, शब्द मोबाइलमधी छापून येतो. तो काय मी छापतो व्हय?"

"मंग हितं बोर्ड लाव. लोकांना दिसू दे."

"बोर्डाला बी खर्च लागतो सर. तुमी आणून द्या, मी खांबाला बांधतो."

सर तणतणत परत आले. बोर्ड लावायला बोर्ड लागतो, असं बराच वेळ पुटपुटत होते. त्यांच्या दृष्टीनं हा विनोद होता की दुःख, ते मला कळलं नाही.

सर विनोदी होते असं कुणी समजू नये. ते अत्यंत गंभीर होते, आणि म्हणूनच त्यांच्याबरोबर राहणं सोसवत असे. पोरांनी त्यांच्या दाराला अडण म्हणून लावायचा जाडजूड शब्दकोश एकदा लपवला, तर ते दोन दिवस दार हातानं धरून झोपले, पण विचारलं नाही. चहाला साखर जास्त झाली की ते चहाला उद्देशून इंग्रजीत बोलत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा विषय निघाला की "ती मराठी शाळेतली होती" एवढंच सांगत आणि वही पुढं ओढत.

मुलगा पुण्यात होता. चांगला मुलगा, रोज फोन करणारा. त्या वर्षी दसऱ्यानंतर सर न्हाणीत घसरून पडले. मोडलं काही नाही, पण चक्कर आली होती असं डॉक्टर म्हणाले आणि मुलानं ठरवूनच टाकलं, की बाबांनी आता पुण्याला यायचं. त्यानं मला फोन केला. "सर, मी तिकीट काढतो. तुम्ही फक्त बाबांना गाडीत बसवून द्या." मीही शब्द दिला. मला ते योग्यच वाटत होतं. पडलेला म्हातारा माणूस, एकटा राहणार, काही झालं तर मी मराठीचा मास्तर काय करणार.

पण त्यात एक गोम होती, आणि ती साऱ्या गावाला माहीत होती. संस्थेच्या अध्यक्षांना जुन्या रस्त्यावरच्या त्या जागेवर गाळे काढायचे होते. सर सुपरिटेंडंट आहेत तोवर त्यांना उठवायचं धाडस अध्यक्षांना होत नव्हतं. ते स्वतः सरांचे विद्यार्थी. सर गेले की दुसऱ्या दिवशी कुलूप, हे त्यांनी हसत हसत सगळ्यांना सांगितलं होतं. बोर्डिंगात त्या वर्षी मोजकी पोरं उरली होती, सगळी शिरूर कासार तालुक्यातली, सगळी दहावीची. त्यांचे आईबाप दसऱ्यालाच ट्रकात बसून ऊसतोडीला गेलेले. घरी कुलपं. कुलूप बोर्डिंगलाही लागलं, तर पोरांना जायला एकच जागा होती, आईबाप असतील त्या उसाच्या फडावर. फडावर गेलेलं पोरगं परीक्षेपुरतं परत येतं, असं अजून तरी मी पाहिलेलं नाही. त्याच्या हातात कोयता येतो आणि विषय मिटतो.

सरांनी यातलं काहीच कधी बोलून दाखवलं नाही. मुलाला फोनवर ते "हो, हो" म्हणाले. बॅग भरली. ठरलेल्या संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर खुर्ची टाकून बसले. मी किल्ली घेऊन खाली आलो.

"चला सर, गाडीची वेळ झाली."

"मी बसलोय की."

"इथं नाही, बायपासला."

"तिकिटावर काय लिहिलंय?"

"बोर्डिंग पॉइंट, गेवराई."

"मंग? मी कुठं बसलोय?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलो. मी बॅग उचलली, त्यांनी ती परत खाली ठेवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, म्हणजे मला साक्षीदार करायचा विचार पक्का होता.

"काका, ट्रॅव्हल्समधून ड्रायव्हर बोलतोय. कुठं हायेत तुमी?"

"बोर्डिंगवर."

"मी बी बोर्डिंगवरच थांबलोय की."

"मंग मला दिसत कावून न्हाईत?"

"ओ काका, पुलाखाली या, टपरीपाशी."

"तिकिटावर टपरी लिहिलीय का?"

मागं कुणीतरी गाडी हलवा म्हणून ओरडत होतं. "न्हाई," तो म्हणाला, "बोर्डिंग लिहिलंय."

"मंग माझं काय चुकलं? गेवराईत कुणालाबी विचार, बोर्डिंग कुठंय. मी हितंच हाय. तू ये."

फोन कट झाला. गाडी गेली. सर उठले, इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला अडकवला आणि आत जाऊन पोरांना म्हणाले, "कालचा धडा काढा."

मी भडकलो होतो. ज्या माणसानं आख्ख्या तालुक्याला बोर्डिंग पॉइंट म्हणजे बायपास हे समजावून सांगितलं, जहाजापासून समजावून सांगितलं, तो माणूस अडाण्यासारखा ओट्यावर बसून राहतो म्हणजे काय? मुलाला मी काय तोंड दाखवू? मी हे सगळं त्यांना ऐकवलं, आणि आवाज चढवूनच ऐकवलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लेक्चरर," ते म्हणाले, "पोरांचा बोर्ड मार्चात हाय. पोरांचा बोर्ड होऊ द्या, मंग मी बोर्ड होतो."

मी माडीवर गेलो. रागावायला आता काही उरलं नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही आवडलं नाही. त्या दिवसापासून मी त्या कटात सामील झालो.

दुसऱ्या वेळी मुलानं हुशारी केली. तिकिटावर 'गेवराई बायपास' असं स्वच्छ छापून आणलं. या वेळी मी सरांना खरोखर बायपासला नेलं. सर पुलाच्या पलीकडच्या बाजूला, बीडकडं जाणाऱ्या रस्त्याला उभे राहिले. पुण्याची गाडी अलीकडून निघून गेली. सरांनी मुलाला फोनवर सांगितलं, "बायपास म्हणजे बाजूनं जाणं. गाडी बाजूनंच गेली रे." मुलाला काय कळायचं ते कळलं असावं. तो एवढंच म्हणाला, "गोळ्या तरी वेळेवर घ्या."

अध्यक्षांना मात्र हे कळणं भाग होतं. ते एका सकाळी आपली पांढरी गाडी घेऊन फाटकात उभे राहिले. सरांच्या पाया पडले. पोरं ओट्यावर पाठांतर करत होती, ती उभी राहिली. मावशी चौकटीत येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुमाला सारखी गाडी चुकती म्हणं. लई वाईट वाटलं. आता ही माझी गाडी. ड्रायव्हर हाय, एसी हाय. दारातून उचलून थेट पुण्याच्या दारात सोडील. बसा."

इथं बायपास नव्हता, पूल नव्हता. चुकायला जागाच ठेवली नव्हती. आणि नाही म्हणायला कारणही नव्हतं, कारण चारचौघांत पाया पडून दिलेली गाडी होती. पोरांनी पुस्तकं मिटली. एकानं तर बॅगेकडंच बघायला सुरुवात केली, सरांच्या नाही, स्वतःच्या.

सर खुर्चीवरून उठले. गाडीजवळ गेले. दार उघडून बघितलं, मिटलं. मग गाडीला एक चक्कर मारली आणि वाकून खालच्या बाजूनं हात फिरवला.

"हिला फाळका कुठंय?"

"फाळका?" अध्यक्ष म्हणाले. "सर, ही कार हाय. ट्रक न्हाई."

"हां. म्हणजे फळी न्हाई. बाजू ओलांडून वर जायला न्हाई. इंग्रजीत हिच्यात बसायला काय म्हणत्यात?"

अध्यक्षांच्या कपाळावर घाम दिसला. बाहेर रस्त्यावर दोनचार माणसं थांबली होती, त्यातली निम्मी त्यांचे मतदार.

"बोर्ड… म्हणत असतील."

"न्हाई म्हणत," सर म्हणाले. आवाज वर्गातला होता. "बसला बोर्ड म्हणत्यात. रेल्वेला म्हणत्यात, जहाजाला म्हणत्यात, विमानाला म्हणत्यात. कारला बोर्ड म्हणत न्हाईत. कारमधी माणूस नुसता आत जातो. गेट इन. माझ्या पोरानं मला बोर्ड व्हायला सांगितलंय. तसं छापून आलंय. मी गेट इन झालो तर पोराचा शब्द मोडला."

अध्यक्ष सरांकडं बघत राहिले. त्यांना हे साफ खोटं आहे असं वाटत होतं आणि खरं आहे अशी भीतीही वाटत होती. चारचौघांत इंग्रजीवर सरांशी वाद घालणं म्हणजे काय, हे त्या माणसाला पुरेपूर माहीत होतं.

"सर," ते शेवटी म्हणाले, "नववीत बी तुमी मला असंच नापास केलतं."

"प्रिपोझिशनमधी," सर म्हणाले. "अजून कच्चा हायेस. चहा घेतोस का?"

अध्यक्षांनी फळीवर बसून चहा घेतला. 'अंतर ठेवा'वर बसले होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "मार्चपर्यंत गप ऱ्हातो. म्हाताऱ्याला सांगू नका मी म्हणलो म्हणून." मी सांगितलं नाही. सरांना ते माहीत असणार, कारण त्या दिवसापासून त्यांनी अध्यक्षांचा उल्लेख 'आपला तो नववीतला' असा प्रेमानं करायला सुरुवात केली.

मार्चात पोरांचा बोर्ड झाला. शेवटच्या पेपरच्या दिवशी मावशींनी पुरणपोळ्या केल्या आणि पोरांनी फळी मोडेपर्यंत खाल्ल्या. पुढं निकाल लागला तेव्हा सगळे इंग्रजीत सुटले, दोघं गणितात राहिले. सरांना मी फोनवर सांगितलं, तर म्हणाले, गणित माझं नव्हतं. हंगाम संपून आईबाप परतले तसं एकेक पोरगं ट्रंक घेऊन गेलं. जाताना प्रत्येकानं सरांच्या पायावर डोकं ठेवलं आणि सर प्रत्येकाला म्हणाले, चाल, गाडी चुकंल.

मग सरांनी स्वतःच मुलाला फोन करून तिकीट काढायला सांगितलं. निघायच्या दिवशी दुपारी मी खाली आलो तर सर शिडीवर चढून फाटकाच्या कमानीवरची लाकडी पाटी काढत होते. चक्कर येणारा म्हातारा माणूस शिडीवर. मी ओरडलो, तर म्हणाले, धरा. पाटीचा संस्थेचं नाव लिहिलेला अर्धा भाग वाळवीनं खाल्ला होता. तो त्यांनी हातानंच मोडला. उरलेल्या फळीवर जाड अक्षरांत एकच शब्द होता.

मोटरसायकलवर मागं सर बसले. बॅग माझ्या पुढं, फळी त्यांच्या काखेत. गाव बघत होतं. बायपासला पोचल्यावर सर सरळ टपरीवर गेले आणि फळी एजंटपुढं ठेवली.

"तू म्हणलतास, आणून द्या, बांधतो."

एजंटनं फळी उलटसुलट केली. मला वाटलं हसेल. त्यानं पान गालात सरकवलं, तार शोधली, आणि पुलाखालच्या विजेच्या खांबाला फळी घट्ट बांधून दिली. सर दोन पावलं मागं सरून बघत राहिले.

"बोर्डाच्या खांबाला बोर्ड," म्हणाले. "बोर्डिंगचा."

मी त्यांची बॅग उगाच या हातातून त्या हातात घेत होतो. तेवढ्यात गाडी दिसली. पुलाखाली बरेच लोक होते, पोती होती, एक नवरा-नवरी होती. गाडी अजून पुरती थांबली नव्हती, तर सरांनी माझ्या हातातून बॅग हिसकली, एका पोत्यावरून उडी मारली, एका पैलवानाला खांदा दिला आणि दाराला हात घातला. पैलवान म्हणाला, ओ काका, जागा बुक हाय ना तुमची? सर म्हणाले, जागा बुक हाय, शब्द न्हाई. आणि सगळ्यांच्या आधी आत घुसले.

वर पोचल्यावर पायरीवरच वळून उभे राहिले. धापा टाकत होते, सदऱ्याचं एक बटण तुटलं होतं, आणि इतका खुश झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ड्रायव्हर आरशात बघत होता. हाच तो फोनवरचा, आवाजावरून मी ओळखला. त्यानंही म्हाताऱ्याला ओळखलं असावं. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली, खांबावरची फळी वाचली आणि मागं वळून विचारलं,

"काका, बोर्डिंग हेच का?"

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग फळीकडं.

"आता हेच," म्हणाले, आणि जाऊन बसले.